हिरव्या दोऱ्याची बाटली

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

एक खोकं पाठवलंय. घाबरू नकोस, घरच्या पत्त्यावर पाठवलंय. दुकानाच्या पत्त्यावर आलं असतं तर औषधवाल्या बाईंना भावाकडून दारू येते, हे तुझी गिऱ्हाइकं महिनाभर चघळत बसली असती.

आत दोन छोट्या बाटल्या आहेत. दोन्ही यंदाची पांढरी वाइन. पांढऱ्या दोऱ्याची टेकडीवरच्या मळ्यातली, हिरव्या दोऱ्याची खालच्या, ओढ्याकडच्या मळ्यातली. दोन्ही अजून टाकीतच आहेत. यातली एकच आमच्या नावाने बाटलीत भरायची, दुसरी सुटी विकून टाकायची. एप्रिलमध्ये ऊन जरा बरं पडायला लागलं की व्यापारी चाखायला येतात, त्याच्या आत ठरवायचंय.

तर तुझं काम असं. भावोजींना बरोबर घेऊन बस, दोन्ही चाख आणि कशाचा वास येतो ते मला लिही. सविस्तर लिही. नुसतं "छान आहे" लिहिलंस तर पुढच्या वर्षापासून तुला सरबत पाठवीन.

आता तू विचारशील, जन्मात कुणाचं मत न घेणाऱ्या या माणसाला झालंय काय? काही झालेलं नाही. मळ्याच्या मालकीणबाईंचं म्हणणं पडलं की साध्या पिणाऱ्यांनाही विचारावं. माझ्या ओळखीत तुझ्याइतकं साधं पिणारं दुसरं कुणी नाही.

फोन करू नकोस. खाली तळघरात लागत नाही आणि वर लागला की आपलं भांडण होतं.

जानेवारीतला ताप कधीच गेला. ठणठणीत आहे.

तुझा
नाकोजी


१७ फेब्रुवारी

नाकोजीमहाराज,

खोकं आलं. हिरव्या दोऱ्याचं बूच जरा सैल होतं, पण मी सांभाळून घेतलं. काळजी नको.

"साधं पिणारी" म्हणालास ते लक्षात ठेवलंय. मागच्या वर्षी मी तुझ्या वाइनला "छान" म्हटलं, तर छान म्हणजे काय, कशासारखं छान, असं म्हणून तू माझ्या हातातला ग्लास काढून घेतला होतास. आणि आज माझं मत हवंय! सूर्य कुठे उगवलाय ते बघायला मी खरोखर गॅलरीत गेले.

आणि बरं झालं गेले, कारण काल पहिल्यांदा तिथे बसण्यासारखं ऊन होतं. थंडीभर बंद असलेलं दार लाथ मारून उघडलं. समोरच्या बाईंनी सगळ्या गाद्या कठड्यावर टाकल्या होत्या. मी स्वेटर काढला, तुझ्या भावोजींनी मोजे काढले. ग्लास आधी फ्रीजमध्ये ठेवले होते, ते बाहेर आणल्याआणल्या धुरकटले. मग पाय उन्हात आणि ग्लास सावलीत, अशी आमची परीक्षा सुरू झाली.

पांढरा दोरा: हिरव्या सफरचंदाची साल, धुतलेली पाटी. आणि हसू नकोस, इंजेक्शनच्या आधी दंडावर कापूस फिरवतात ना, तसलं काहीतरी गार गार. चांगली आहे, पण पिताना पाठ सरळ करून बसावंसं वाटतं.

हिरवा दोरा: पिकलेलं पेअर. मध. आणि घोट गिळला की मागून, अगदी हळूच, ज्येष्ठमध. ही पिताना मी खुर्चीत घसरत घसरत जवळजवळ आडवी झाले. मला विचारशील तर ही.

तुझ्या भावोजींना दोन्हींतला फरक विचारला. म्हणाले, "एक संपलीय, दुसरी थोडी उरलीय."

तुझी
साधी पिणारी


२४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

ज्येष्ठमध! वा! अगदी माझ्या तोंडचा शब्द काढलास. मलाही टाकीपाशी उभं राहिलं की हेच जाणवत होतं, फक्त शब्द सापडत नव्हता. मालकीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्ही म्हणता तर तसंच. हिरव्या दोऱ्याची ठरली.

फक्त एक विचारायचं राहिलं. तिच्यात कुठे व्हिनेगरसारखा वास नव्हता ना? किंवा पुठ्ठा भिजल्यावर येतो तसा? किंवा शिळ्या पाण्याचा? नीट आठव. तुझ्याकडे तळाला उरली असेल तर पुन्हा हुंगून बघ. नसेल तर तसं लिही. असेल तर लगेच फोन कर. भांडण झालं तरी चालेल.

आपलं उगाच, खात्री म्हणून विचारतोय.

नाकोजी


२ मार्च

नाकोजी,

व्हिनेगर नाही. पुठ्ठा नाही. शिळं पाणी नाही. तळाची थेंबभर होती, ती हुंगली आणि मग वाया जाऊ नये म्हणून पिऊनही टाकली.

बाकी विशेष काही नाही. दुकानाच्या दाराला नवा रंग दिलाय. तुझ्या भावोजींचा खोकला हिवाळ्यात आला तो जायचं नाव घेत नव्हता, आता एकदाचा गेला. गॅलरीतल्या कुंडीत कुणी न लावलेलं काहीतरी उगवलंय, मी त्याला पाणी घालतेय.

कागद संपत आलाय म्हणून अक्षर मुद्दाम बारीक काढलंय. तुझा चष्मा जुना झालाय ते माहीत आहे. तेव्हा कागद चांगला नाकाशी धरून वाच आणि वाचल्याबरोबर उत्तर दे.

ताई


८ मार्च

प्रिय ताई,

अगं, काय हे अक्षर! मुंग्यांनी लिहिल्यासारखं. तू सांगितलंस तसा कागद पार नाकाला टेकवला तेव्हा कुठे वाचता आलं.

आणि जेवताना पत्र लिहितेस की काय? मधोमध हा एवढा मोठा तेलाचा डाग! "खोकला" शब्द तर पार बुडालाय. वहीवर सांडलं म्हणून लहानपणी माझे कान पिरगाळायचीस, विसरलीस वाटतं.

आमचा पोस्टमनही हल्ली विचित्र वागतो. तुझं पत्र हात लांब करून, तोंड दुसरीकडे वळवून दिलं आणि शिंकत शिंकत सायकलवर बसला. वसंत आला की काही लोकांना फुलांचा त्रास होतो म्हणतात, त्यातलाच प्रकार असेल.

आनंदाची बातमी: बाटल्या भरायला घेतल्या. लेबलंही छापायला गेली. मागच्या बाजूला लिहिलंय, "पिकलेलं पेअर, मध आणि शेवटी ज्येष्ठमधाची चाहूल." त्यातला "चाहूल" हा शब्द माझा. बाकी श्रेय तुझं, पण ते छापलेलं नाही.

नाकोजी


१३ मार्च

नाकोजी,

तो डाग निलगिरीच्या तेलाचा होता.

दुकानातली छोटी बाटली मी त्या कागदावर अख्खी उपडी केली. पाकीट बंद करेपर्यंत समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचं चोंदलेलं नाक औषध न घेताच मोकळं झालं. तुझे भावोजी मोजे न घालता गॅलरीत पळाले. तुझ्या बिचाऱ्या पोस्टमनला फुलांचा काहीही त्रास नाही, त्याला माझा त्रास झाला.

आणि तू ते पत्र नाकाला टेकवून वाचलंस आणि मला विचारतोस, जेवताना लिहितेस का?

शाळेतून येताना कोपऱ्यावर थांबून "आईनं दूध उतू घालवलं" म्हणणारा तू. शेजाऱ्यांकडे काय शिजतंय ते बंद दारातून सांगायचास म्हणून तर घरात तुझं नाव नाकोजी पडलं. मला संशय कधी आला सांगू? तू माझ्या मताला "वा" म्हणालास तेव्हा. आपल्या उभ्या जन्मात हे कधी झालेलं नाही.

कधीपासून, बाळा?

रागावलेली नाही. म्हणजे रागावले आहे, पण ते भेटल्यावर. आधी खरं लिही.

ताई


१९ मार्च

ताई,

जानेवारीतल्या तापापासून.

ताप उतरला त्या दिवशी हिने चहा आणून दिला. कप हातात घेतला आणि तो चहा नुसता गरम होता. दुसरं काहीच नव्हतं त्यात. वाटलं, सर्दी आहे, जाईल. सर्दी गेली, वास काही आला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणार नाही, वाट बघा. एवढं तर मीही सांगितलं असतं.

जिभेला आंबट, गोड, कडू कळतं. वाइन अंगाने जड आहे की हलकी, तेही कळतं. पण ती कोण आहे ते कळत नाही. रोज सकाळी टाकीवर वाकून उभा राहतो. आजूबाजूला माणसं असतात म्हणून डोळे मिटतो, मान हलवतो, "हं" म्हणतो. शाळेच्या नाटकात मला कधी झाड म्हणूनसुद्धा घेतलं नव्हतं, आणि आता हे.

हिलाही सांगितलेलं नाही. भाजी करपली तरी मुकाट्याने खातो. त्याचा परिणाम असा झाला की परवा ही समोर येऊन बसली आणि म्हणाली, "दोन महिने झाले, जेवणाला एकदाही नावं ठेवली नाहीत. कुठे काही करून आलात का?"

मालकीणबाईंना कळलं तर काय होईल, मला माहीत आहे. डोळे गेलेल्या ड्रायव्हरला कुणी बसवर ठेवत नाही, आणि त्यात त्यांची चूकही नाही. पण मला दुसरं काही येत नाही गं. सुतारकाम येत नाही, हिशेब येत नाही. तळघराच्या दारात सगळे नाकोजी म्हणून हाक मारतात आणि मी "ओ" देतो. भीती वाटते मला, ताई.

म्हणून तुला विचारलं. खोटं बोललो, माफ कर. तुझं नाक आईचं आहे आणि तू मनातलं बोलतेस. आमच्या नावाची यंदाची पांढरी तुझ्या शब्दावर भरली जातेय.

नाकोजी


२३ मार्च

नाकोजी,

खाली बस. बसलास? आता वाच.

हिरव्या दोऱ्याचं बूच सैल होतं, हे मी लिहिलं होतं. खोक्यात थोडी सांडली होती, हे लिहिलं नव्हतं. उरलेली मी दुसऱ्या बाटलीत ओतली आणि दोरा तिला बांधला. बाटली स्वयंपाकघरातल्या फळीवर रिकामी दिसली, ती घेतली.

काल तुझे भावोजी शांतपणे विचारतात, "माझ्या खोकल्याच्या औषधाची बाटली कुठे गेली गं?"

ज्येष्ठमधाचं औषध, नाकोजी! मधातलं! मीच दुकानातून आणलेलं!

धुतली होती मी. धुतल्याशिवाय मी कशात काही ओततच नाही. पण गरम पाण्याने की गार, एकदा की दोनदा, आणि मुळात ती बाटली की शेजारची, काही म्हणता काही आठवत नाही. काउंटरवर उभी राहून दिवसभर लोकांना सांगते, बाटली नीट धुवा, दुसरं औषध त्यात ओतू नका. आणि स्वतः हे करून बसले. तुझं दुखणं वाचून रडू येत होतं, त्यात हे आठवलं आणि रडताना हसू फुटलं. मग त्या हसण्याची लाज वाटून परत रडले. तुझे भावोजी पाण्याचा ग्लास घेऊन नुसते उभे.

"ज्येष्ठमधाची चाहूल!" लेबलं चिकटवायची थांबव. शनिवारी पहिल्या बसने येते. थेट टाकीतली चाखते. आणि तुझ्या बायकोला काही बोलू नकोस, मी आल्यावर बोलू.

ताई


१४ एप्रिल

प्रिय ताई,

तू गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होतो, पण आधी निकाल लागू दे म्हटलं. लागला. सगळं ओळीने सांगतो.

भरलेल्या बाटल्यांवर लेबलं चिकटवून झाली होती हे तू पाहिलंसच. टाकीच्या शिडीवर तू डोळे मिटून उभी होतीस आणि खाली मी देवाच्या दारात उभं राहावं तसा. तू म्हणालीस, "व्हिनेगर नाही, पुठ्ठा नाही, काही बिघडलेलं नाही, हे शपथेवर सांगते. पण ज्येष्ठमध येतोय की माझी भीती मला ज्येष्ठमध दाखवतेय, ते कळत नाही." मला त्या दिवशी तेवढंही पुरेसं होतं. वाइन चांगली आहे, एवढं तरी कळलं.

तुझ्यासमोर ही नुसती डोळे पुसत बसली होती. तू बसमध्ये बसल्यावर म्हणाली, "म्हणजे दोन महिने मी जीव ओतून रांधलं ते तुम्ही न कळता गिळलंत?" तेव्हापासून माझ्या ताटात उरलंसुरलं येतं. तुम्हाला काय फरक पडतो, म्हणते. पण रोज संध्याकाळी एकेक वस्तू माझ्या नाकाखाली धरते. साबण, कॉफी, लिंबाची साल. कळलं का विचारते. नाही म्हटलं की झाकण लावते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आणते.

मग मालकीणबाईंना सांगायला गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी पगार नुसत्या नाकाला देत नव्हते." माझा जीव भांड्यात पडणार तोच पुढे म्हणाल्या, "पण धंदा आहे. व्यापारी येऊन जाऊ देत. त्यांनी ही घेतली तर पुढचं बोलू. नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल." रास्तच बोलल्या.

काल व्यापारी आले. अंगणात टेबलं मांडली होती. वेलींवर नखाएवढी पानं आलीत, आणि ऊन असं होतं की सगळ्यांनी कोट खुर्च्यांवर टाकले. पहिल्याने बाटली उचलली, लेबल वाचलं, ग्लास हुंगला, डोळे मिटले आणि म्हणाला, "ज्येष्ठमध! काय चाहूल आहे!" दुसऱ्याने लेबल वाचलं, त्यालाही आला. तिसऱ्याला तर पेला नाकाजवळ नेण्याआधीच आला. ताई, भावोजींचा खोकला एवढ्या लोकांना आवडेल असं वाटलं नव्हतं.

मग तो काठीवाला म्हातारा व्यापारी उठला. दरवर्षी तोच नाक मुरडतो, आणि त्याने मुरडलं की बाकीचेही मुरडतात. त्याने बाटली लांब धरली, जवळ धरली, खिसे चाचपले. चष्मा घरी राहिला होता. मालकीणबाई माझ्याकडे बघेनात. मी माझ्या बुटांकडे बघत होतो. त्याने हुंगलं, घोट घेतला, टेकडीकडे बघत राहिला.

"काय आहे ते मला सांगता येत नाही," तो म्हणाला, "पण आणखी ओता."

सगळी गेली, ताई. पाहुणे गेल्यावर मालकीणबाईंनी उरलेल्या बाटलीतले दोन ग्लास भरले, एक माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "तुमच्या ताई पुढच्या वर्षी मोकळ्या आहेत ना?"

ग्लास गार होता, ऊन मानेवर होतं. चव अर्धीच होती. पण प्यायलो.

नाकोजी


२० एप्रिल

नाकोजी,

पत्र दोनदा वाचलं, मग तुझ्या भावोजींना मोठ्याने वाचून दाखवलं. "आणखी ओता" ऐकून ते टाळ्या वाजवत उठले आणि आतून बाटली घेऊन आले. निमित्तालाच टपलेले असतात.

लेबल वाचून वास येतो याचं तुला नवल वाटतं? दुकानात ये. लाल रंगाची गोळी दिली की म्हातारे दुसऱ्या दिवशी येऊन सांगतात, अंगात ताकद आली.

तुझी नोकरी राहिली, मी देवापुढे दिवा लावला. पण माझं मन काही स्वच्छ होत नाही. रविवारी गॅलरीत बसतो, तू बरोबर दिलेल्या बाटलीतला मी घोट घेते, मागून ज्येष्ठमध येतो. आला की माझाच माझ्यावर विश्वास बसत नाही. एवढ्या लोकांच्या गळी मी खोकल्याचं औषध उतरवलं की खरी वाइन, हे मला आता मरेपर्यंत कळायचं नाही. तुझे भावोजी म्हणतात, विषय सोड. त्यांचं सोपं आहे, त्यांना दोन्ही चालतं.

कुंडीतलं ते न लावलेलं झाड फुललंय. पिवळं आहे. तुझ्या बायकोला सांग, लिंबाची साल जरा चुरगळून धर.

ताई


११ मे

ताई,

उभ्याउभ्याच लिहितोय म्हणून अक्षर असं आहे. बारीक काढलेलं नाही.

बूच काढायचा स्क्रू शोधत टेबलाचा खालचा खण ओढला. तो तसा कधी उघडत नाही. उघडला आणि कुणीतरी दोन्ही नाकपुड्यांत बोट घातल्यासारखं झालं. आधी वाटलं, शिंक येतेय. शिंक आली नाही. पुन्हा श्वास घेतला. पुन्हा तेच. मग दिसलं, तुझं दोन मार्चचं पत्र.

निलगिरी, ताई! आपली आई छातीला चोळायची ती! मी ते पत्र तोंडावर धरून बसलो. ही आत आली आणि म्हणाली, "कुणाचं पत्र एवढं हुंगताय?" मी म्हटलं, "ताईचं." मग मात्र मला रडू आवरेना आणि ही पळत जाऊन लिंबू, साबण, कॉफी, सगळं एकदम घेऊन आली. लिंबू थोडं कळलं. साबण नाही. कॉफी करपल्यासारखी येते, पण ही म्हणते ती खरोखरच करपली होती.

वाइन अजून गप्प आहे. ग्लासात नाक घालतो, काही बोलत नाही. पण आता मला घाई नाही. दाराशी आलंय, आत येईल.

मालकीणबाईंना सांगितलंय. त्या म्हणाल्या, तरीही ताईंना बोलवायचंच.

तुझा नाकोजी
(आज हे नाव जरा हक्काने लिहितोय)


१६ मे

माझ्या राजा,

भर दुकानात काउंटरमागे बसून रडले. गिऱ्हाइकाने विचारलं, काही वाईट बातमी? म्हटलं, नाही, भावाला वास आला. तो माणूस औषध न घेताच गेला.

आता माझं एक काम कर. वाइन बोलायला लागली की आधी हिरव्या दोऱ्याचीच उघड. तळघरातली घे, मी हात न लावलेली. लेबल भिंतीकडे कर. आणि जे असेल ते लिही. बहिणीला बरं वाटावं म्हणून नको. मालकीणबाईंना सांगतोस तसं सांग.

वाट बघते.

ताई


७ जून

प्रिय ताई,

तीन वेळा चाखली. पहिल्या दोन वेळा तुला कळवलं नाही, कारण माझाच माझ्यावर भरवसा नव्हता. आज सकाळी पुन्हा, रिकाम्या पोटी, तळघरात एकटा. दार लावून घेतलं. लेबल भिंतीकडे.

पेअर आहे. पिकलेलं, तू म्हणालीस तसंच. मध आहे, पण तू लिहिलास त्यापेक्षा कमी. तिथे जरा पाघळलीस. व्हिनेगर नाही, पुठ्ठा नाही.

मग गिळली. काही नाही. मी ग्लास खाली ठेवला. वाटलं, आता तुला काय लिहायचं? खोटं लिहायचं नव्हतं. दिवा बंद करून वर निघालो, आणि जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर मागून, अगदी हळूच, आला.

परत खाली गेलो आणि आणखी ओतली.

बाटली तू स्वच्छ धुतली होतीस, ताई.

नाकोजी